ग्रुपवर अर्धवट सोडलेली कादंबरी

वाचनालयात आता कुणी फिरकत नाही म्हणता ना, मग आमच्या मुखेडचं ऐका. मी तिथं ग्रंथपाल. लोक मोबाइलमध्ये गुंतले आणि आमच्या खुर्च्या ओस पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचं वाचनालय बंदच करून टाकू."

मला लई लागलं. घरी जाऊन एक जुनी कादंबरी उघडली, सुरुवातीची पानं माझ्या आवाजात रेकॉर्ड केली आणि सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. विहिरीतून हाक येते, नायिका आत डोकावते, मी तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढायच्या आधीच दारात माणसं! एसटीचे कंडक्टर गायकवाड तर गणवेशातच.

"मॅडम, माझी लातूरची गाडी सुटून राहिली. विहिरीत कोण होतं तेवढं सांगा!"

"सांगणार न्हाई. पुस्तक न्या."

त्यांनी नेलं. प्रत एकच, त्यामुळं त्यांच्या मागं उभ्या असलेल्या बाई माझ्यावर अशा भडकल्या की मी घाईघाईनं तसल्याच कादंबऱ्या कपाटातून काढून टेबलावर मांडल्या. दुपारपर्यंत टेबल मोकळं!

मग रोज एक नवं पुस्तक ग्रुपवर अर्धवट सोडायला लागले. संध्याकाळी बसायला जागा पुरेना. तेवढ्यात अध्यक्षांचा फोन.

"मॅडम, ते बंद करायचं राहू द्या. आमच्या घरात एकच विषय चालू हाय. विहिरीत कोण होतं?"

मी म्हटलं, "साहेब, पुस्तक बाहेर गेलंय. तुमच्या आधी गायकवाडांच्या सासूबाईंचा नंबर हाय."