सिंगापूरचा सिंह कॅन्सल

बोरिवलीत दातांच्या दवाखान्यात जान्हवीचा नंबर यायला वेळ होता आणि मोबाइलची बॅटरी संपली होती. शेजारच्या बाकावर वयस्कर नवरा-बायकोची जुंपली होती. ऐकता ऐकता तिची दाढ दुखायची थांबली.

“विमान रात्री अकराचं. आपण चारला निघू.”

“लॉरेन्स, अंधेरीला एअरपोर्ट गाठायचंय. सिंगापूरला चालत नाही जायचं.”

“हायवेवर ट्रक आडवा झाला की वाट लागली. तिथून सुटणारी क्रूझ काय तुझ्यासाठी थांबेल?”

“बरं, चारला. सुके बोंबील तुझ्या बॅगेत घालते.”

“एथेल, एअरपोर्टवर कुत्रं येऊन हुंगतं.”

“हुंगू दे. त्याला तरी कधी चांगलं काही मिळणार?”

“पोरगा त्याच बोटीवर शेफ आहे. त्याला बोंबील कशाला?”

“आठ महिने शेर्विन लोकांना पास्ता घालतोय. त्याला कोण घालणार?”

“बरं बाबा. शेवटच्या दिवशी परत सिंगापूरच्या बंदरावर उतरलो की त्याला चार तास सुट्टी. मी सगळं बसवलंय. आधी तो पाणी ओकणारा सिंहाचा पुतळा, मग बाग, मग मत्स्यालय.”

“मत्स्यालय कॅन्सल. मासे मी रोज बघते.”

“बाग?”

“चालून पाय मोडतील. कॅन्सल.”

जान्हवीच्या नावाची हाक आली. तिनं मागच्या बाईंना पुढे जायला सांगितलं.

“सिंह तरी?”

“फोनवर काय म्हणाला तो? मम्मी, झोप पुरत नाही.”

“मग एवढ्या लांब जाऊन बघायचं काय?”

“सावलीतला एखादा बाक बघू. तो माझ्या मांडीवर झोपेल. आणि तू तिथे असा मोठ्यानं बोलू नकोस.”