पेट्रोलात मिसळायचं तेल

फवारणीच्या पंपाचा विषय निघालाच आहे, तर आमच्या किन्हीराजा गावच्या काकांचं ऐका. तुरीवर अळी पडली, म्हणून त्यांनी घाईघाईनं पेट्रोलवर चालणारा पंप आणला. मी फोनवर बजावलं, "काका, नुसतं पेट्रोल नोका टाकू, त्यात थोडं तेल मिसळा."

"तेल हाय घरी," काका म्हणाले.

पंपानं अर्ध्या वावरातच मान टाकली. अळी तिकडे शेंगा पोखरत होती. काकांनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही पंप घेऊन शेलूबाजार गाठलं. मिस्त्रीनं टाकी उघडून वास घेतला.

"काका, यात भजे तळले काय तुमी?"

त्यानं कार्बोरेटर धुतला, इंजिनाचं टू-टी तेल मिसळून पंप चालू करून दिला. तूर वाचली.

परतताना मी विचारलं, "खायचं तेल कायले टाकलं?"

काका म्हणाले, "काहून? डबल रिफाइंड होतं."