मुद्दा पहिल्या वाक्यात

…आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही रीडरला फार थांबवून ठेवता!" मी? मी थांबवून ठेवतो? अहो, पंचवीस वर्षं साकीनाक्याच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय, वॉशरपासून बेअरिंगपर्यंत सगळं, माझ्या खिडकीवर माणूस आला की दोन मिनिटांत माल घेऊन परत जातो, आणि ही माझ्या भाचीच्या वयाची अनुपमा मॅडम, हातात लाल पेन धरून मला सांगते, "शिवदासजी, मुद्दा पहिल्या वाक्यात!"

तुम्हाला सांगतो, मी हौसेने नाही गेलो तिथे. बावन्नाव्या वर्षी शनिवारची सुट्टी घालवून घाटकोपरहून गोरेगावला शिकायला कोण जातं? मटेरियल मॅनेजमेंटचा डिप्लोमा आहे, एक वर्षाचा. फॉर्म बायकोने भरला होता, शेवंतीने. म्हणाली, "उद्या मिसरूड न फुटलेलं कुठलंतरी पोरगं तुमच्या डोक्यावर मॅनेजर म्हणून आणून बसवतील आणि तुम्ही त्याला 'साहेब, चहा घेणार का' विचारत फिराल! फोटो मी चिकटवलाय. गुपचूप सही करा." केली सही. अभ्यासाचं काही नाही हो, साठा आणि पुरवठा मी झोपेतही सांगेन. पण युनिव्हर्सिटीचा नियम! ज्याचं शिक्षण मराठीतून झालं त्याने इंग्लिश रायटिंगचं वर्कशॉप करायचंच. दहा शनिवार. शेवटी दीडशे शब्दांचा एक परिच्छेद पास करून दाखवायचा. परिच्छेद पास नाही तर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही तर हॉलतिकीट नाही, आणि हॉलतिकीट नाही तर शेवंतीने भरलेला फॉर्म गेला फुकट. आता बोला!

आणि वर्कशॉप कसलं? आमच्याकडे वर्कशॉप म्हटलं की हाताला ऑइल लागतं. इथे एसी, प्रोजेक्टर, रंगीत खुर्च्या, आणि चाळीस पोरं, सगळी वीस-बाविशीची. मी पहिल्या दिवशी आत गेलो तर सगळी उभी राहिली! त्यांना वाटलं सर आले. मी वही काढून शेवटच्या बाकावर बसलो तेव्हा कुठे बसली… आणि ती पुढची ऋतिका मागे वळून म्हणते, "अंकल, पॅरेंट्स मीटिंग खालच्या मजल्यावर आहे."

बरं, मॅडमचा कायदा काय? प्रोजेक्टरवर मोठ्या अक्षरात: मुद्दा पहिल्या वाक्यात. त्या वाक्याला म्हणायचं टॉपिक सेंटेन्स. "इंग्लिश रीडर बिझी असतो. त्याला वाट बघायची सवय नाही. आधी मुद्दा, मग कारणं, मग उदाहरण, मग समारोप." का हो? हा कोण एवढा बिझी रीडर? त्याला कुठे जायचंय? दीडशे शब्द तर आहेत, तेवढ्यात काय त्याची चुलीवर आमटी उतू जाणार आहे?

विषय दिला, माझ्या लक्षात राहिलेला एक दिवस. मी स्टॉक-टेकिंगचा दिवस लिहिला. झकास लिहिला होता, आकड्यांसकट! मॅडम म्हणाल्या, "हा रिपोर्ट झाला. काहीतरी पर्सनल लिहा ना." आता पर्सनल म्हणाल तर… दिवस एकच आहे हो. ऑगस्टमधला मंगळवार. लिहिला. सकाळी गॅसचा सिलिंडर आला, तो नवाच पोरगा होता, त्याने उंबऱ्यावर आपटला, शेवंती त्याच्यावर ओरडली, मग मला म्हणाली, येताना कोकमं आणा, मागच्या वेळसारखी चिकट नकोत. मग मी कामावर गेलो. मग साडेअकराला शेजारच्या दर्शनाताईंचा फोन. मग हॉस्पिटल. मग कॉरिडॉर. मग… शेवटच्या ओळीत जे लिहायचं ते लिहिलं, तेही पूर्ण नाही, "आम्ही तिला घरी आणलं आणि सगळे जमले," एवढंच.

मॅडमनी सिलिंडरभोवती लाल गोल काढला. "हे कशाला?" कोकमांवर काट मारली. "हे तर अजिबातच कशाला? शिवदासजी, मुद्दा पहिल्या वाक्यात!"

मग तो दुसरा प्रकार. एकमेकांचं लिखाण वाचून मत द्यायचं, आणि तेही सँडविचसारखं. आधी एक चांगली गोष्ट, मध्ये एक वाईट, वर परत एक चांगली. माझा कागद गेला ऋतिकाकडे. तिने वाचला, पेन हनुवटीला लावलं, म्हणाली, "अंकल, व्होकॅब्युलरी छान आहे. पण वाइफचं कॅरेक्टर नीट कळत नाही. एंडिंग मात्र एकदम स्ट्राँग!" आता काय म्हणायचं हिला? मी म्हटलं, "बाळ, ते कॅरेक्टर मला सव्वीस वर्षांत नीट कळलं नाही, तुला दीडशे शब्दांत कुठून कळणार?" तर तिने तेही लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी वर्गात वाचून दाखवलं, चांगला संवाद म्हणून!

पण माझी खरी वाट लागली दुसऱ्या मसुद्यात. म्हटलं ठीक आहे, मुद्दा पहिल्या वाक्यात पाहिजे ना, घ्या! पहिलंच वाक्य टाकलं, 'माझ्या बायकोला जरा बरं नाही.' इंग्लिशमध्ये, व्यवस्थित, चूक काढून दाखवा म्हणावं. मॅडमनी वाचलं, शेवटपर्यंत गेल्या, परत वर आल्या. "पण शेवटी तर घरी सगळे जमलेत. मग 'जरा बरं नाही' हा मुद्दा कसा?"

"मॅडम, तोच मुद्दा आहे."

"जरा?"

"हो, जरा."

"शिवदासजी, रीडर कन्फ्यूज होतो."

आता सांगा! आपल्यातला कुठला माणूस कन्फ्यूज होईल? वडील गेले तेव्हा गावाहून नंदूचा, माझ्या चुलतभावाचा, फोन आला होता. काय म्हणाला? "दादा, जेवलंस? …बाबांका जरा बरां नाय हा. निघान ये." बस्स! एवढ्यात सगळं आलं. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. रात्रभर एसटीत बसून गेलो, आणि पनवेलपासून कणकवलीपर्यंत माझ्या वडलांना जरा बरं नव्हतं. तेवढे दहा तास त्यांना मिळाले, मलाही मिळाले. हे कळायला कुठला डिप्लोमा लागतो? आणि आधी 'जेवलास का' विचारायचंच, कारण एकदा कळलं की पुढे घास जात नाही. आमच्या चाळीतल्या मुकुलने एकदा त्याच्या आत्याला फोनवर थेट सांगून टाकलं होतं, पहिल्या वाक्यात! बाई हातातल्या पातेल्यासकट खाली. वीस वर्षं झाली, अजून लग्नामुंजीत त्याला कुणी फोन करायचं काम देत नाही.

आणि त्या मंगळवारी माझ्यावर वेळ आली. शेवंतीच्या आईला फोन करायचा होता. म्हातारी ऐंशीची, गावी एकटी. मी आधी पाऊस विचारला, मग लावणी झाली का विचारलं. मग विचारलं, "आई, जेवलात?" म्हणाली, "बसतंय आता." मी म्हटलं, "जेवून घ्या. शेवंतीला जरा बरं नाही. भाऊरावांना घेऊन निघा." भाऊराव म्हणजे माझा मेहुणा, त्याच वाडीत वेगळा राहतो. म्हातारी म्हणाली, "बरां. जेवान निघतंय." आणि नंतर भाऊरावांनी सांगितलं, ती खरंच जेवली. सगळं पान संपवलं. ताट घासलं आणि लुगडं बदलून दारात उभी राहिली. तिला माहीत होतं. अहो, ऐंशी वर्षांच्या अडाणी बाईला माझं टॉपिक सेंटेन्स कळलं, आणि ह्या बाईंनी परदेशातून सर्टिफिकेट आणलंय, ह्या म्हणतात रीडर कन्फ्यूज होतो!

हे सगळं मी मॅडमना सांगितलं का? नाही. कसं सांगणार? त्या म्हणाल्या असत्या, "व्हेरी इंटरेस्टिंग, पण मुद्दा?"

आला दहावा शनिवार. शेवटची संधी. सगळे लिहितायत, मी कोरा कागद घेऊन बसलोय. खरं सांगू? ते वाक्य मी कुठेच बोललो नव्हतो. ऑफिसात सांगितलं, मिसेस आता नाहीत. शेजारी कुणी विचारलं तर 'गेली' म्हणतो, ते कसं, कोकमं आणायला गेल्यासारखं वाटतं. रेशनकार्डावर क्लार्कने स्वतःच 'मयत' लिहिलं, मी बघितलंसुद्धा नाही. आणि आता, बावन्नाव्या वर्षी, परक्या भाषेत, निळ्या बॉलपेनने, एका हॉलतिकिटासाठी… लिहिलं. माझी बायको नऊ ऑगस्टला मेली. पहिलंच वाक्य. डाय-चा भूतकाळ, पूर्णविराम. मग कारणं लिहिली. मग उदाहरण लिहिलं. समारोप लिहिला. सिलिंडर नाही, कोकमं नाहीत, काहीच नाही. एकशे सेहेचाळीस शब्द.

मॅडमनी वाचलं. लाल पेनाचं टोपण लावलं. म्हणाल्या, "परफेक्ट!"

परफेक्ट! ऐकलंत? मी काय बोललो असेन? थँक यू म्हटलं. सर्टिफिकेट मिळालं, हॉलतिकीटही मिळालं, फोटो शेवंतीने चिकटवला होता तोच. पण थांबा, एवढ्यावर भागलं असतं तर मी तुमच्यासमोर कशाला घसा फोडत बसलो असतो? मॅडम दुसऱ्या दिवशी फोनवर, काय आनंद त्यांना! "शिवदासजी, गुड न्यूज! तुमचा परिच्छेद आम्ही नमुना म्हणून निवडलाय! पुढच्या प्रत्येक बॅचला प्रोजेक्टरवर दाखवणार, मुद्दा पहिल्या वाक्यात कसा आणायचा ते! फक्त परवानगीची सही द्या."

नाही म्हणणार होतो हो. अगदी ओठावर होतं. पण त्यात तिचं नाव होतं ना, दुसऱ्या ओळीत, नीट, पूर्ण नाव… केली सही. आता सेमिस्टरं वर्षाला दोन. म्हणजे वर्षातून दोनदा चाळीस अनोळखी पोरं पिवळे हायलायटर घेऊन बसणार, आणि माझी बायको त्यांच्यासमोर पहिल्याच वाक्यात मरणार, तेसुद्धा परफेक्ट! अहो, आमच्यात पितरांचा म्हाळसुद्धा वर्षाला एकदाच घालतात!