श्राद्धाचं पान आणि माझं लिव्हर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टर शुभंकर, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आहारतज्ज्ञ रागिणीताई, आणि औषधाच्या खिडकीपाशी ओळख झालेल्या सर्व बंधुभगिनींनो, या उद्धव गुरुजीचा नमस्कार. माइक हातात आला की मंगलाष्टकच तोंडात येतं, आज आवरतो.

अकोल्याच्या जुन्या शहरात माझी भिक्षुकी. जिथे मंत्र, तिथे जेवण. गेल्या वर्षी मुतखड्यासाठी सोनोग्राफी केली आणि डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, लिव्हरवर चरबी आहे." पुढच्या तपासणीत ते कडक होत चालल्याचं निघालं.

"मी दारूला कधी शिवलो नाही," मी म्हणालो.

"ठाऊक आहे. दारूशिवायही होतं हे. वजन, गोड, बैठं काम."

मला माझे थोरले भाऊ दिसू लागले. त्यांनीही कधी थेंब घेतला नव्हता. पोटात पाणी भरलं, डोळे पिवळे झाले, आजाराचं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि गल्लीत कुजबुज झाली, भटजी लपून पितात. वहिनींनी ती कुजबुज ऐकत तेरावं केलं. मंडळी, मला मरणाची जास्त भीती वाटली असेल, की माझ्या बायकोला, गोदावरीला, हेच ऐकावं लागेल याची? रोज सकाळी संध्येआधी मी आरशात डोळे ताणून पाहायचो.

रागिणीताईंनी आधी गोदावरीला बसवलं, मग मला. "गुरुजी, कुणाला नाही म्हणता का कधी?" मी गोदावरीकडे पाहिलं, तिनेच मान हलवली. घरी भाकरी, डाळ, पालेभाजी ठरली, साखर बंद झाली. इथले व्यायाम शिकवणारे ललित सर, त्यांनी चालायला लावलं, डॉक्टर रक्त तपासत राहिले. प्रश्न उरला तो यजमानांचा.

बार्शीटाकळीला खुशालरावांच्या वडिलांचं श्राद्ध होतं. पान वाढलेलं: खीर, वडे, पुरणपोळी. न जेवावं तर त्यांचं कार्य अपुरं, जेवावं तर डोळ्यांसमोर भाऊ. अंगणात जाऊन ताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "खुशालरावांना द्या."

त्यांनी ताईंचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, आदी काहून नाही सांगतलं? आमच्या बाबाले तुमी धडधाकट पायजे. खीर नावापुरती घ्या, भाकर टाकाले सांगतो."

पुढच्या तपासणीला गोदावरी सोबत आली. तिने माझा हात धरून ठेवला. डॉक्टर म्हणाले, "कडकपणा कमी झालाय. गेला नाही. हे आता जन्मभर सांभाळायचं."

आणि ताई अमरावतीला निघाल्या. बदलीचं कळल्यापासून ती भीती परत आली आहे, खोटं कशाला बोलू? परवा त्यांना विचारलं, "आता यजमानांशी कोण बोलणार?"

"तुम्ही," त्या म्हणाल्या.

उद्या एका नव्या घरी श्राद्धाला जायचं आहे. तिथे संकल्पाआधी मी माझा आजार चार लोकांत, मोठ्याने सांगणार आहे. माझ्या भावाला ते कधी जमलं नाही.

ताई, तुमचे आणि या दवाखान्यातल्या सगळ्यांचे आभार. कुणाचं नाव राहिलं असेल, तर क्षमा असावी.