फळीवरचे टोले

मिरजेच्या कृष्णाकाठ या महिला हॉकी संघाने एका मोसमात अठ्ठेचाळीस पेनल्टी कॉर्नर सोसले आणि त्यांवर नऊ गोल खाल्ले. पुढच्या मोसमात एक्कावन्न सोसले आणि बावीस गोल खाल्ले. गोलरक्षक तीच, मैदान तेच, प्रशिक्षकही तेच. बचावातली एकच बाई बदलली होती. तिच्या नावावर सात वर्षांत पेनल्टी कॉर्नरवर अडवलेला एकही चेंडू मांडलेला नव्हता.

मंडळी, एवढे आकडे हातात घेऊन आपण उत्तररंगात शिरतो आहोत. पूर्वरंगात आपण 'भार' या विषयाचा विचार केला. आपण रोज देवापुढे उभे राहतो आणि म्हणतो, माझा भार तुझ्यावर. ठीक. पण एखादा माणूस आपल्याला भार झाला आहे, हे आपण कशावरून ठरवतो? त्याच्या नावापुढे काही मांडलेले दिसत नाही म्हणून? मांडलेले नाही, म्हणजे केलेले नाही — हे अनुमान बरोबर आहे काय? आख्यान या एका प्रश्नाचे आहे. बापूराव, पेटीचा भाता जरा थांबवा. आता मोजमापाचे बोलायचे आहे आणि मोजताना सूर मध्ये आला की माणूस चुकतो.

समोर बसलेले पाटणकर वकील विचारतील, बुवा, कीर्तनात हॉकी कुठून आली? वकीलसाहेब, कुरुक्षेत्रही मैदानच होते. तिथे रथाची चाके चालतात, मग इथे काठ्या चालायला हरकत नसावी.

तर ऐका. पेनल्टी कॉर्नर म्हणजे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढे अडणार नाही. गोलाची रुंदी बारा फूट. गोलाच्या आत, तळाशी, दीड फूट उंचीची लाकडी फळी असते. बचाव करणाऱ्या पाच जणी, गोलरक्षक धरून, गोलरेषेमागे उभ्या राहतात. प्रतिपक्षाची एक खेळाडू गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, सुमारे पंधरा मीटरवर दुसरी तो थांबवते, तिसरी तो काठीने उचलून गोलाकडे फेकते. फेकलेला चेंडू गोलापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. एवढ्या वेळात चेंडू पाहून, निर्णय घेऊन, पाय हलवून तो अडवणे माणसाच्या शरीराला बहुधा जमत नाही. म्हणून चेंडू निघताक्षणी बचावातली एक बाई त्या फेकणाऱ्या बाईच्या अंगावर धावत सुटते. चेंडू मांडीला लागेल, हाताला लागेल — तरी धावते. ते काम वैजयंता मगदूम करीत होती. सात वर्षे.

आता या लीगचे दोन नियम. पहिला: संघातल्या सगळ्यांचे मानधन मिळून एका मर्यादेच्या आत राहिले पाहिजे. दुसरा: सही झालेला करार क्लबाला मोडता येत नाही. मात्र तो अख्खा करार, आत माणूस असलेल्या स्थितीत, दुसऱ्या क्लबाला देता येतो.

वैजयंता एकोणतीस वर्षांची असताना संघ अजिंक्य ठरला. त्या आनंदात व्यवस्थापक अच्युत केळुसकर यांनी तिला सहा वर्षांचा करार लिहून दिला, दरवर्षी चढत्या मानधनाचा. लिहिला कोणी? केळुसकरांनी. तिने काही तो मागितला नव्हता. चार वर्षे गेली. मानधन कराराप्रमाणे चढत गेले. गुडघ्यांनी करारावर सही केलेली नव्हती.

केळुसकर दुष्ट होते का? नव्हते, मंडळी. त्यांना तीन नव्या मुली घ्यायच्या होत्या आणि मर्यादेत जागा नव्हती. त्यांनी तक्ता उघडला. अडवलेले चेंडू, गोलरक्षक नसीम नदाफ: एकोणचाळीस. वैजयंता मगदूम: शून्य. तुम्ही त्या खुर्चीत असता तर काय केले असते? खरे सांगा. मी तर तेच केले असते.

त्यांनी तिला बोलावले.

"वैजयंताताई, बसा."

"उभीच बरी आहे, सर. बसले की उठताना गुडघा कुरकुरतो, आणि तुम्ही तेही लिहून घ्याल."

"नाशिकच्या गोदातीर संघाशी बोलणं झालंय."

"माझ्याबद्दल?"

केळुसकर खरे बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, "तुमच्या कराराबद्दल."

"आणि ते घेतायत? तेहतीस वर्षांची बाई, दोन वर्षं शिल्लक, आणि घेतायत?"

"प्राची लोखंडेपण जातीय तुमच्याबरोबर."

प्राची म्हणजे संघाची सर्वांत चपळ आघाडीपटू. वैजयंताला उलगडा झाला. या व्यवहाराची रीतच अशी आहे. जड करार नुसता कोणी घेत नाही, म्हणून त्याच्यासोबत एखादी चांगली खेळाडू द्यावी लागते. मुली आपापसांत त्या खेळाडूला 'कोथिंबीर' म्हणतात. भाजी खपावी म्हणून भाजीवाला वर घालतो ती.

दोघी एकाच बसने नाशिकला निघाल्या. पुणे सोडल्यावर प्राचीने धीर करून म्हटले, "वैजूताई, मी तुमची कोथिंबीर बरं का."

"माहीत आहे गं. भाजी शिळी असली की जुडी मोठी घालतात."

प्राची हसली. वैजयंताही हसली.

इथे क्षणभर थांबू. आपण देवाला म्हणतो, माझा भार घे. देवाने कधी विचारले आहे का, की याच्यासोबत वर काय देता? निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. तो हिशेब माणसांचा.

नाशिकला काय झाले? दहापैकी सात सामने वैजयंता बाकावर बसून राहिली. त्यांना प्राची हवी होती, ती मिळाली होती. उरलेल्या तीन सामन्यांत वैजयंता पूर्वीसारखीच धावली, आणि नाशिकवर होणारे गोल एकानेही कमी झाले नाहीत. हे लक्षात ठेवा. बाई तीच, धाव तीच, फळ शून्य.

मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात तिने मिरजेला नसीमला फोन केला.

"नसीम, मी सोडतेय. पत्र लिहून ठेवलंय, सोमवारी देणार."

"दोन मोसमांतला एकच झालाय, ताई. अजून एक वर्ष हाय की."

"वर्षाचं काय करू? मी तक्ता बघितला गं. सात वर्षं चेंडू तू अडवलेस. मी नुसती तुझ्यापुढं पळत होते."

मंडळी, तिचे काय पणाला लागले होते ते पाहा. मानधन नव्हे, ते तर ती स्वतःच सोडून द्यायला निघाली होती. सात वर्षे मांडीवर चेंडू झेलून आपण काहीच केले नाही, हे मत घेऊन ती खेळातून जाणार होती. तेही स्वतःच्या सहीने.

तिकडे नसीमचेही दिवस बरे नव्हते. बावीस गोल तिच्या नावावर चढले होते. दुसऱ्या दिवशी केळुसकरांनी तिला बोलावले. तिने दारातूनच विचारले, "सर, माझ्याबरोबर कोथिंबीर कोण?"

केळुसकरांनी मान खाली घातली. म्हणजे पुढचा भार ठरला होता.

"पाठवा, पण आधी मला माझे गोल दाखवा. बावीसच्या बावीस."

दोघे चित्रफिती पाहायला बसले. सहाव्या गोलाला नसीम म्हणाली, "थांबवा. हे बघा. चेंडू अजून फेकलेलाच नाही, आणि माझा पाय उजवीकडं पडलाय. मी कुठं चालले होते?"

"ते मी तुम्हाला विचारणार होतो."

"प्रत्येक वेळी उजवीकडंच जातेय की ओ मी. कुणी सांगितलं मला?"

आता केळुसकरांची एक सवय होती. समालोचकाची बडबड त्यांना सहन होत नसे, म्हणून ते चित्रफिती नेहमी मुक्या करून पाहत. त्या दिवशी नसीमने आवाज चालू केला. चेंडू सुटायच्या आधी — टक, टक. काठीचे दोन टोले, गोलाच्या फळीवर.

या टोल्यांची हकीकत अशी. वैजयंता प्रत्येक पेनल्टी कॉर्नरच्या आधी काठीने फळी ठोकायची. सगळा संघ म्हणे, तिचा शकुन आहे. ती गेल्यावर तिच्या जागी संपदा आवटी आली. केळुसकरांनी तिला सांगितले होते, "तेवढी टकटक चालू ठेव, आपल्याला ती लाभते." संपदाने विचारले होते, "किती वेळा?" केळुसकर म्हणाले होते, "दोनदा असावं." संपदा आज्ञाधारक. एक्कावन्न वेळा तिने दोन टोले मारले आणि वाटेल त्या अंगाने धावली.

श्रोतेहो, मी शकुन मानत नाही. या व्यासपीठावरून हे बोलतो याबद्दल विश्वस्तांना काही म्हणायचे असेल तर चहानंतर म्हणावे. पण शकुन मानणाऱ्याची चूक नेमकी कुठे होते ते पाहा. जे कशासाठी आहे हे ठाऊक नसते, ते तो जपून ठेवतो, आणि जपताना त्यातला जीव काढून टाकतो.

नसीम म्हणाली, "आता मागच्या मोसमाचं लावा. आवाजासकट."

टक. वैजयंता उजव्या अंगाने धावली, नसीमचा पाय डावीकडे. टक, टक. वैजयंता डाव्या अंगाने, नसीम उजवीकडे. दहा वेळा पाहिले, वीस वेळा पाहिले. नसीमने तिथूनच नाशिकला फोन लावला.

"ताई, फळीवर टोले कशाला मारायचा तुम्ही?"

"कशाला म्हणजे? मी कुठल्या अंगानं धावणार ते तुला कळायला नको? एक टोला म्हणजे उजवी बाजू मी बंद करते, दोन म्हणजे डावी. उरलेली तुझी."

"हे तुम्ही मला कधी सांगितलंच नाही."

"सांगायचं काय त्यात? पहिल्या वर्षापासनं तू बरोब्बर दुसऱ्या बाजूला जात होतीस. मला वाटलं, तुला ठाऊक हाय."

"मला वाटलं, शकुन हाय तुमचा."

मग वैजयंताचा आवाज आला, हळू. "आणि इथं नाशकात मी वर्षभर कुणाला सांगत होते गं?"

पाहा, मंडळी. सांगणारीला वाटत होते की ऐकणारी समजून ऐकते आहे. ऐकणारीला आपण ऐकतो आहोत हेच माहीत नव्हते. पाय मात्र ऐकत होता. कान आणि पाय यांनी सात वर्षांत परस्पर जमवून घेतले आणि डोक्याला कळवले नाही. यात चमत्कार नाही. पायरीची उंची न मोजता आपण सगळे जिने चढतो, तसलेच हे आहे.

केळुसकरांनी दोन दिवस बसून मोजले. मग सोमवार उजाडायच्या आत ते स्वतः नाशिकला गेले. फोनवर सांगता आले असते. गेले, हे मला त्यांचे आवडते. वैजयंता मैदानाच्या कडेला गुडघ्याला पट्टी बांधत होती.

"ताई, तुम्हाला परत नेता येणार नाही. मर्यादेत जागा नाही, आणि हे लोक करार सोडणार नाहीत. एवढंच दाखवायला आलोय."

त्यांनी मोजणीचा कागद पुढे केला, तिने तो वाचला. दोनदा वाचला. "सर, त्या तक्त्यात माझ्यापुढं शून्य होतं ते?"

"ते शून्य बरोबर आहे. तुम्ही चेंडू अडवला नाहीतच. तुम्ही केलं त्याचा रकानाच नव्हता. काढायला हवा होता, मी काढला नाही."

"आणि नसीम?"

"नसीम कुठं जात नाही."

"मग बरं झालं आलात." तिने पट्टीची गाठ आवळली. "चहा घेऊन जावा. मला जरा त्या पोरीशी बोलायचंय." ती पोरगी म्हणजे नाशिकची गोलरक्षक. वैजयंता तिच्यापाशी गेली, काठीने फळीवर एक टोला मारला आणि विचारले, "ह्याचा अर्थ काय, सांग बघू?" पोरीने मान हलवली. वैजयंता तिथेच मांडी घालून बसली, दुखऱ्या गुडघ्यासकट, आणि तिला सगळे तोंडाने सांगितले.

लिहिलेले पत्र सोमवारी कोणाला मिळाले नाही. उरलेले वर्ष ती खेळली.

आता माझे तुम्हाला सांगणे. तुमच्या घरात, दुकानात, कचेरीत कोणीतरी असे आहे, ज्याच्याबद्दल तुम्ही मनात म्हणता, याचे आता काय काम उरले आहे. त्याला विचारू नका, त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. त्याच्या शेजारी काम करणाऱ्याला विचारा, तुझे इतके बरे कसे चालते? तोही गोंधळेल. गोंधळला की घाई करू नका. आवाज चालू करा आणि पुन्हा पाहा. देवापुढे आपण स्वतःला भार म्हणवतो आणि तो आपल्याला ठेवून घेतो. त्याला आपला रकाना दिसत असावा. आपल्याला दुसऱ्याचा दिसत नाही, एवढाच फरक.

आणि आता त्या आकड्यांचे कारण सांगतो, म्हणजे आख्यान पुरे झाले. संपदाने दरवेळी दोन टोले मारले, म्हणून नसीम दरवेळी उजवीकडे गेली. चोवीस वेळा संपदा डाव्या अंगाने धावली. तेव्हा दोन्ही बाजू राखल्या गेल्या आणि चार गोल झाले. सत्तावीस वेळा ती उजव्या अंगाने धावली. तेव्हा दोघी एकाच बाजूला होत्या, डावी बाजू उघडी होती, आणि अठरा गोल झाले. चार आणि अठरा, बावीस.