कोऱ्या कपाळाच्या ओळी

…आणि वर हे मलाच विचारतात, "तेराच्या तेरा तूच लावल्यास?" मग काय शेजारणीनं लावल्या? लाज वाटते हो सांगायला, पण तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

आमचे हे कशेळ्याच्या मराठी शाळेत मास्तर. कर्जतच्या इंग्रजी शाळेत जागा निघाली. तिथल्या हेडमास्तरांनी आपल्या हातानं वीस इंग्रजी ओळी लिहून दिल्या, "चुकीच्या ओळीपुढं तांबडी टिकली द्या, बरोबर असेल ती सोडा. हा कागद चांगला उतरला तर जागा तुमची." यांनी दोन दिवस डोकं खाजवलं, नि संकष्टीला सकाळी कागद देवापुढं ठेवून आंघोळीला गेले. मला काय इंग्रजी येतंय! बघते तर सात ओळींना टिकली, नि तेराजणी कोऱ्या कपाळानं बसलेल्या! म्हटलं, पुरुषमाणूस, मध्येच विसरले असतील… अहो, हळदीकुंकवाला सातजणींना लावायचं नि तेराजणींना तसंच उठवायचं, असं कुठं असतं का? कुंकू पाण्यात कालवलं, नि एकेकीला ओळीच्या तोंडाशी, "सुखी राहा गं" म्हणत… लाज वाटते हो!

मोटार चुकेल म्हणून यांनी कागद न बघताच खिशात कोंबला. तिथं हेडमास्तरांचा चष्मा कपाळावर! "मास्तर, वीसच्या वीस चूक? अहो, यातल्या तेरा तर मी स्वतः बिनचूक जुळवल्यात!" यांनी कागद हुंगला, नि कळलं कुणाचा पराक्रम. पण माझं नाव नाही घेतलं हो, तसेच परत आले. शेजारची सुंदरा म्हणते, "जयवंता, मास्तरांना नजर लागली बग, मीठ उतर गं!" आता तिला काय सांगू, नजर नाही बाई, माझाच हात लागला!

दुसऱ्या दिवशी मीच गेले कर्जतला, पुराव्याला करंडा घेऊन. सगळं सांगितलं. हेडमास्तर किती वेळ खिडकीबाहेरच बघत होते, खांदे तेवढे हलत होते. मी मेली घाबरले, म्हटलं, माणूस रडतोय की काय!

शेवटी म्हणाले, "बरं, दुसरा कागद देतो."

मी हात जोडले, "घरी पाठवा, या खेपेला शिवणारसुद्धा नाही."

तर म्हणतात कसे, "नको बाई. इथंच बसून सोडवू दे. तुमच्या घरी देव फार!"