फरशी न फोडता

हॅलो?… हो, बोल. थांब, वेळ लिहिते… सात दहा. अगं, सवय झालीये. सव्वीस वर्षं वीज कंपनीच्या चाचणी विभागात काढली, कुणाचाही फोन आला की हात आधी घड्याळाकडे जातो, मग पेनाकडे. बोल. तक्रार काय?

गाडी काय करते?… परत सांग. चिमटे काढते. बरं. सात दहा, भावाची नवी विजेवरची गाडी, चिमटे काढते. लिहिलं.

नाही गं, हसत नाहीये. हसायचं तेव्हाही हसले नाही. सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवलात ना, लाल रिबीन, पोर्चमध्ये गाडी, आणि तुझा नवरा किल्ली अशी वर धरून, जशी काय गाडी यानेच घरी बनवली. तेव्हासुद्धा मी गप्प होते. विचार कुणालाही.

आवाज घुमतोय तुझा… हां, विसरलेच, तुमच्या घरात रेंज नाही, वायफायवर बोलावं लागतं. म्हणजे वीज गेली की बोलणंही गेलं. छान.

हां, तर चिमटे. दाराच्या हँडलला हात लावला की झिणझिण्या. कधीपासून?… परवापासून. आणि नवरोबा काय म्हणाले?… "नवीन गाडीला होतं असं." अच्छा! नव्या बुटासारखं. चार दिवस चावतो, मग सैल पडतो.

अगं ऐक ना… ऐक ना… सकाळी सकाळी त्याची बाजू घेऊ नकोस. तू त्याला अठरा वर्षं ओळखतेस, मी जन्मापासून. सहावीत असताना त्याने घरातला रेडिओ उघडला. परत जोडला तर चार स्क्रू उरले. म्हणाला, कंपनीने जास्तीचे दिले होते. तोच हा. फक्त आता पोट सुटलंय आणि कर्ज मिळतं.

आहे कुठे तो?… पोहायला. अर्थात. फोन?… लॉकरमध्ये. अर्थात.

गाडी आत्ता चार्जिंगला आहे का?… रात्रीपासून. का एवढा वेळ?… हो हो, आप्पांची नात येणार आज, अकराच्या विमानाने, आणायला जायचंय. माहितेय मला. मलाही आप्पांनी तीनदा फोन करून सांगितलं. मी बापाला दिसले नाही तरी चालेल, नात दिसली पाहिजे.

बरं, मी संध्याकाळी येते मीटर घेऊन. तोवर त्या गाडीला कुणी… काय? रागावलेली नाहीये मी. मी का रागावू? तुमचं घर, तुमची गाडी, तुमची फरशी.

हो, फरशी! आता विषय निघालाच आहे म्हणून. तुझ्याच हॉलमध्ये बसून कागदावर काढून दिलं होतं की नाही? मीटरपासून वेगळी जाड तार. गळती झाली की आपोआप पडणारा स्विच. आणि पोर्चमध्ये अर्थिंगचा खड्डा, पुरुषभर खोल, आत तांब्याची पट्टी. गाडीच्या पत्र्यात वीज उतरली तर तिला जमिनीत जायला वाट लागते. वाट दिली नाही तर ती माणसातून जाते. शाळेतल्या पोराला कळेल एवढं. त्यावर तू काय म्हणालीस?… नाही, तो नाही, तू. "ताई, फरशी नवीन आहे हो."

तीन फरश्या उचकटायच्या होत्या. तीन!… रंग जुळला नसता. बरोबर. बदामी रंगाच्या त्या फरश्या आता मिळत नाहीत. फार मोठं संकट. तुझा नवरा येईल-जाईल त्याला धुराबद्दल, हवेबद्दल, नातवंडांच्या भविष्याबद्दल व्याख्यान देतो. पृथ्वी वाचवायला निघालेला माणूस! आणि त्या पृथ्वीत एक खड्डा खणायचा म्हटलं तर फरशीचा रंग जुळत नाही.

आणि मीटरचं तेच. चांगलं दारापाशी भिंतीवर होतं मीटर आणि मेन स्विच. दिसायला बरं दिसत नाही म्हणून सुताराकडून कपाटात घातलंत. वर कुलूप. किल्ली कुणाकडे?… त्याच्या जुडग्यात. आणि जुडगा पोहायला. चोर येऊन मीटर नेणार होते का गं?

मग आणलात तो तुमचा पाचमिनिटवाला वायरमन… हो, मीच ठेवलंय नाव. गीझर, पाच मिनिटं. पंखा, पाच मिनिटं. चार्जर, पाच मिनिटं… स्वभावाने चांगला आहे? असेल ना. मी त्याच्याशी सोयरीक नाही जुळवत आहे. परवाना बघितलात का त्याचा?… नाही. बूट दाराबाहेर काढले, "काकू" म्हणाला, फरशीला धक्का लावला नाही. झालं, पास!

मला कशाला विचारता मग? मला विचारलंत ते लाल दिवा लागल्यावर. हो, आला होता त्याचा फोटो. भिंतीवरचा चार्जर, त्यावर लाल दिवा, खाली मेसेज, "ताई, हे काय दाखवतंय?" मी लिहिलं, "तुमच्या पाचमिनिटवाल्याला विचार." बरोबरच लिहिलं. सव्वीस वर्षांच्या अनुभवाला तीन फरश्यांची किंमत नाही, तर मग…

काय?… नंतर हिरवा झाला? कसा झाला?… म्हणजे कुणी आलं होतं परत?… तोच. किती वेळ होता?… अगं, मी चेष्टा करत नाहीये, खरंच विचारतेय. पाच मिनिटं. पाच मिनिटांत लाल दिव्याचा हिरवा होत नाही. खड्डा खणायला दोन माणसांना अख्खा दिवस लागतो. तो दिवा अर्थिंग नाही म्हणूनच लाल होता.

काय केलं त्याने? आठव… तू तिथे होतीस ना, चहा घेऊन?… कात्री मागितली. बरं. कशाला?… वायर सोलायला. केवढी वायर?… बोटभर. एवढासा तुकडा. आणि तो कुठे लावला?… चार्जरच्या डब्याचं झाकण काढून, आत. कुठल्या तारेवरून कुठल्या तारेवर? रंग आठवतो?… तू रंगांची एवढी पारखी, आठव… निळ्या. आणि हिरव्या.

नक्की? निळी आणि हिरवी?

थांब जरा.

नाही, आहे मी इथेच. ऐक आता. निळी ही वीज परत जायची तार. हिरवी अर्थिंगची, गाडीच्या पत्र्याला जाते. त्याने दोन्ही एकमेकींना जोडून दिल्या. चार्जरला वाटतं अर्थिंग आलं, म्हणून हिरवा दिवा. अर्थिंग नाहीये. फसवलंय त्याला. गाडीचा अख्खा पत्रा तुमच्या घरातल्या विजेच्या परतीच्या तारेला बांधलाय.

म्हणून चिमटे. हो.

गळतीचा स्विच तरी आहे ना? मी सांगितलेला, आपोआप पडणारा?… सारखा पडायचा म्हणून?… काढला. कुणी काढला?… अगं, तो पडायचा ते त्याचं काम होतं! कुत्रा भुंकतो म्हणून… जाऊ दे. जाऊ दे ते.

एकच सांग. घरातले दिवे कसे आहेत? दोन दिवसांत काही?… मंद होतात. मध्येच लख्ख. कधीपासून?… आज सकाळपासून जास्त. फ्रिज?… कुरकुर करून बंद पडला. आणि हे तू मला शेवटी सांगतेस?… नाही, हो, मीच बोलत होते. मीच बोलत होते, बरोबर.

तर ती निळी तार मीटरपाशी सैल झालीये. ती सुटली की वीज परत जाणार नाही, गाडीच्या पत्र्यावर येऊन थांबेल. पूर्ण. चिमटे नाही. पूर्ण. गाडीजवळ कुणी जायचं नाही. तूसुद्धा नाही. ते चार्जिंगचं तोंड काढायलाही नाही. आप्पांना सांग, आज गाडी धुवायची नाही. ते आठला चहा झाल्यावर धुतात ना?

आज लवकर? का लवकर?… नातीसाठी. चकाचक.

किती वाजता गेले बाहेर?

सात वाजता. आणि तू मला सात दहाला…

मी काय म्हणत होते ते सोड. हाक मार त्यांना. मोठ्याने… कानातलं मशीन? टेबलावर. हो, पाणी उडेल म्हणून काढून ठेवतात, मीच सांगितलं होतं तसं. बरं. खिडकीतून दिसतात का?… काय दिसतं? पाइप हातात आहे? पाय?… चपला दाराशीच. अनवाणी. ओल्या फरशीवर.

त्यांना चिमटा कळणारच नाही. चाळीस वर्षं लेथ चालवलेले हात, उकळता कप धरतात ते.

नाही! नाही, बाहेर जाऊ नकोस. हात लावायचा नाही त्यांना, काही झालं तरी. तू लावलास तर दोघं. मेन स्विच. आधी मेन स्विच. कपाटापाशी जा. फोन ठेवू नको, स्पीकरवर टाक.

कुलूप आहे, माहितेय कुलूप आहे. फोड… अगं, दार फोड, फळीचं आहे ते!… कशाने म्हणजे? हातोडी कुठे?… गाडीच्या डिकीत. बरं. बत्ता आहे ना? मसाला कुटायचा? आण. पळ.

…

आलीस? चप्पल घातलीयेस?… रबराची ना? हात पूस. आधी हात पूस, ओढणीला पूस. कडीपाशी मार, मधे नको. मार. परत. अगं, सनमायका गेला तर जाऊ दे, मार!

खिडकीतून बघत मारता येतं का?… काय दिसतं?

बसलेत?

कुठे बसलेत?… चाकापाशी. चाक धुतायत का? ब्रश हातात आहे?… ब्रश कुठे आहे?… पाइप खाली पडलाय. पाणी?… चालूच.

अगं, आप्पा खाली बसत नाहीत. गुडघ्यांमुळे. चार वर्षं झाली, ते लांब दांड्याचा ब्रश घेऊन उभ्याने… पाठ कशाला टेकलीये?… दाराला. गाडीच्या दाराला. तोंड इकडे आहे का?… मान?

बरं. बघू नकोस. कपाटाकडे बघ. माझं ऐक. तुझा आवाज फुटला तर फुटू दे, हात थांबवू नको. मार.

परत.

निघाली फळी? ओढून काढ… लागलं हाताला? रक्त येऊ दे, फक्त पाणी नको. आत काय दिसतंय? मीटर, त्याच्या खाली. काळा, मोठा, बोटभर जाड दांडा, वर उचललेला. वास येतोय? जळका? येणारच. निळी तार दिसतेय? तिला हात नको लावू, तिच्याकडे बघूही नको. फक्त दांडा. एका हाताने. दुसरा हात मागे घे, पाठीमागे. हं.

ऐक, तो खाली आला की वायफाय जाईल आणि फोन तुटेल. घाबरू नको. दांडा खाली आला की लगेच बाहेर पळ, त्यांना सरळ निजव, श्वास बघ, आणि रस्त्यावर रेंज येते, तिथून मला लाव. कळलं? मी गाडी बोलावते इथून, दवाखान्याची. मी निघते. मी निघालेच आहे.

आता. खाली ओढ. जोर लाव, घट्ट असतो तो. ओढ, बाळा, ओढ…

हॅलो?

हॅलो?… अगं, बोल!

…

फोन गेला. म्हणजे पडला मेन.

सात बावीस. पुरवठा बंद.